साथीचा माग : पुढे जितका, तितकाच मागेही

साथ देशात आली, असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात ती एखाद्या जिल्ह्यातील एखाद्या शाळेत, लग्नघरात किंवा रुग्णालयाच्या ओसरीत आलेली असते. राष्ट्रीय आकडा फुगून वर्तमानपत्रात येतो, तोवर साथ आवरण्याची सर्वांत सोपी वेळ निघून गेलेली असते. म्हणून साथनियंत्रणाचे खरे एकक जिल्हा हेच आहे, आणि त्याचे खरे शस्त्र नोंदवही. ही नोंदवही आपण अजूनही अर्धीच भरतो, असे माझे मत आहे. ते मांडण्यासाठी तंजावूरचे उदाहरण घेतो.

तंजावूर मराठी वाचकाला परके नाही. सरफोजीराजे दुसरे (राज्यकाल १७९८ ते १८३२) यांनी तेथे सरस्वती महाल ग्रंथालय वाढवले आणि धन्वंतरी महालात वैद्यकाच्या अभ्यासाला आश्रय दिला. त्यांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या उपचारांच्या नोंदी आजही उपलब्ध आहेत. ज्या गावाने दोनशे वर्षांपूर्वी रुग्णागणिक नोंद ठेवली, त्याच गावाच्या जिल्ह्यात मार्च २०२१ मध्ये कोविडने नोंदीचे मोल पुन्हा दाखवून दिले. अम्मापेट्टै येथील मुलींच्या एका शाळेत एका विद्यार्थिनीचे निदान झाले. मग इतरांच्या चाचण्या झाल्या आणि पन्नासहून अधिक मुली बाधित आढळल्या. पाठोपाठ जिल्ह्यातील अन्य शाळांतूनही रुग्ण समोर आले. २२ मार्चपासून तमिळनाडू सरकारने राज्यभरातील नववी ते अकरावीचे वर्ग बंद केले.

एका रुग्णामागे पन्नास रुग्ण निघाले, हा योगायोग नव्हता. २०२० मध्ये रामनन लक्ष्मीनारायण आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात तमिळनाडू व आंध्र प्रदेशातील संपर्कशोधाचा अभ्यास प्रसिद्ध केला. ८४,९६५ निदान झालेले रुग्ण आणि त्यांच्या संपर्कात आलेल्या ५,७५,०७१ व्यक्ती इतका त्याचा आवाका होता. जवळच्या, अधिक जोखमीच्या संपर्कात संसर्गाचे प्रमाण १०.७ टक्के आढळले, तर कमी जोखमीच्या संपर्कात ४.७ टक्के. समवयस्कांच्या सहवासात धोका सर्वाधिक होता. सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष असा की सुमारे ७१ टक्के रुग्णांपासून पुढे कोणालाही लागण झाल्याचे दिसले नाही, आणि जेमतेम ८ टक्के रुग्णांकडे नव्या संसर्गांपैकी सुमारे ६० टक्के संसर्गांचा उगम जात होता. शोधातून निसटलेले संपर्क असणारच, हे मान्य करूनही चित्र स्पष्ट आहे : हा विषाणू सर्वत्र सारखा पसरत नाही; तो थोड्या ठिकाणी भडकतो आणि बहुतेक ठिकाणी विझतो.

या असमानतेतून निघणारा निष्कर्ष विद्यार्थ्यांनी कागदावर करून पाहावा. समजा, दहा रुग्ण आहेत. सात जणांनी कोणालाही संसर्ग दिला नाही, दोघांनी प्रत्येकी एकाला दिला आणि एकाने आठ जणांना. एकूण नवे रुग्ण दहा. आता जुन्या दहांपैकी कोणाही एकाचे पुढचे संपर्क शोधले, तर दहापैकी सात वेळा हाती काहीच लागणार नाही. पण नव्या दहांपैकी कोणाही एकाला ‘हा आजार तुम्हाला कोठून लागला असावा?’ असे विचारत मागे गेलो, तर दहापैकी आठ वेळा आपण त्याच एका उगमाशी पोहोचू. तेथे पोहोचलो की उरलेले सात जणही एकदम सापडतात.

आपला संपर्कशोध मात्र बहुधा पुढे पाहतो. ‘तुम्ही कोणाकोणाला भेटलात?’ हा प्रश्न विचारून घरच्यांची यादी होते, विलगीकरणाचे दिवस लिहिले जातात आणि कागद बंद होतो. लागण कोणत्या खोलीत, कोणत्या समारंभात झाली असावी, हा रकाना रिकामा राहतो किंवा ‘अज्ञात’ असा एक शब्द त्यात येतो. आजाराची लक्षणे दिसण्याच्या दोन दिवस आधीपासून कोविडचा रुग्ण संसर्गजन्य असू शकतो. त्याला लागण त्याहूनही आधी झालेली असते. म्हणून चौकशीचा काळ मागे, किमान आठवडाभर तरी न्यायला हवा.

प्रत्येक विषाणूला हीच रीत लागू पडेल असे नाही. इन्फ्लुएन्झा एकापासून दुसऱ्याकडे इतक्या त्वरेने जातो की यादी तयार होईतो साखळीच्या पुढच्या कड्या जुळलेल्या असतात. डेंग्यू माणसाकडून माणसाला थेट लागत नाही. तेथे माग काढायचा तो पाणी साठलेल्या भांड्यांचा, आणि कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात ते काम वर्षभराचे. रुग्ण हजारोंनी वाढले की कोणताही संपर्कशोध कोलमडतो, हेही खरे. पण हा आक्षेप मागच्या शोधाविरुद्ध जात नाही. तो लवकर सुरू करावा, एवढेच सांगतो.

खरी अडचण माणसांच्या मनात आहे. ‘कोठून लागले?’ हा प्रश्न ऐकणाऱ्याला आरोपासारखा वाटतो. पुण्यात १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत (तो आजार जिवाणूजन्य) सैनिकांनी केलेल्या घरझडत्यांचा परिणाम आपण इतिहासात वाचतो : लोकांनी रुग्ण लपवले, रोष वाढला आणि २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली. त्याच वर्षीचा साथरोग कायदा २०२० मध्येही आपल्या हाती होता. कोविडकाळात अनेक शहरांत रुग्णांच्या दारावर फलक लागले. सक्षम प्राधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय ते लावू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाला डिसेंबर २०२० मध्ये सांगावे लागले. ज्या दारावर फलक लागतो, त्याच्या शेजारचे दार पुढच्या वेळी आरोग्यसेविकेला उघडत नाही. रुग्ण कळवणाऱ्या शाळेला शिक्षा झाली, तर दुसरी शाळा कळवणार नाही. शून्य रुग्णांचे कौतुक करणाऱ्या प्रशासनाला शून्यच कळवले जातात.

म्हणून माझी मागणी तीन गोष्टींची आहे. पहिली, प्रत्येक रुग्णाच्या नोंदीत उगमाचा रकाना सक्तीचा करावा आणि तो भरण्यासाठी आरोग्यसेविकेला वेळ व सोबत द्यावी. दुसरी, लवकर कळवणाऱ्या संस्थेला संरक्षण द्यावे. चौकशी व्हावी ती खोलीतल्या हवेची आणि गर्दीची. तिसरी, नावे वगळून जिल्ह्याची माहिती दर आठवड्याला त्याच जिल्ह्यात, त्याच्या भाषेत प्रसिद्ध व्हावी. तमिळनाडूकडे १९३९ पासून सार्वजनिक आरोग्याचा स्वतंत्र कायदा आहे आणि त्या कामाला वाहिलेली यंत्रणाही आहे. वर सांगितलेला अभ्यास तेथे होऊ शकला, याचे एक कारण तेच असावे. महाराष्ट्राने हे पाहून शिकण्यात कमीपणा नाही.

घाई का, याचे उत्तर आकाशात आहे. गुरू ग्रह सूर्याभोवतीची एक फेरी सुमारे ११.८६ वर्षांत पूर्ण करतो. तो सिंह राशीत असताना नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ भरतो आणि तंजावूर जिल्ह्यातील कुंभकोणमला महामहम. मागचे सिंहस्थ २०१५ मध्ये झाले, महामहम फेब्रुवारी २०१६ मध्ये. पुढचे सिंहस्थस्नान २०२७ मध्ये आणि महामहम २०२८ मध्ये येते. काही महिन्यांच्या अंतराने दोन जिल्ह्यांत लाखोंची गर्दी होणार आणि तेथून माणसे देशभर परतणार. इतक्या आधीपासून तारीख ठाऊक असलेली जोखीम साथीच्या शास्त्रात विरळाच. विषाणू कोणता असेल ते सांगता येत नाही. पण परतलेल्या यात्रेकरूला गावच्या दवाखान्यात कोणता प्रश्न विचारायचा, हे आजच ठरवता येते. ‘कोणाला भेटलात?’ याच्या आधी ‘कोठे होतात?’ हे विचारायला शिकवू या.