औषधाचा डबा आणि दारातली मुकी जनावरं

पावसाळा लागला की गोचीड, पिसवा आणि उंदीर यांचा सुळसुळाट होतो आणि औषधाची बाटली घरात येते. ती किडीला मारते तशी दारातल्या गाई-शेळीला, घरातल्या मनी-मोत्यालाही मारू शकते, हे मात्र ध्यानात राहत नाही.

फवारणीची कितीतरी औषधं सेंद्रिय फॉस्फरस गटातली असतात. ती पोटातून तर जातातच, पण कातडीतूनही अंगात भिनतात. म्हणून शेतातलं औषध अंदाजाने कालवून गोचिडांसाठी गाईला चोळू नये. ती अंग चाटते, तेव्हा आणखी विष पोटात जातं. मग लाळ गळते, डोळ्यांतून पाणी येतं, हगवण लागते, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, अंग थरथरतं, धाप लागते. एवढं दिसलं की वाट बघायची नाही. गुरांच्या डॉक्टरांना बोलवा किंवा १९६२ या क्रमांकावर फोन लावा.

तोवर जनावर मोकळ्या हवेत आणा. अंगाला औषध लागलं असेल तर रबरी मोजे घालून साबणाच्या पाण्याने धुवा. दूध, तूप, तेल काही पाजू नका. थरथरणाऱ्या जनावराला ठसका लागून ते फुफ्फुसात उतरतं. मीठ घालून ओकारी काढायच्याही भानगडीत पडू नका.

आणि औषधाचा डबा टाकून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. कारण विष वेगळं तसा उतारा वेगळा. फॉस्फरसच्या विषावर ॲट्रोपीनची सुई देतात, तीही पुन्हा पुन्हा. जोडीला प्रॅलिडॉक्सिम लागतं, ते जितकं लवकर तितकं बरं. उंदराच्या काही औषधांनी रक्त गोठेनासं होतं. जनावर दोन-तीन दिवस चांगलं हिंडतं-फिरतं आणि मग नाका-हिरड्यांतून रक्त येतं. त्यावर 'के-१' जीवनसत्त्व कित्येक आठवडे द्यावं लागतं. कुत्र्याच्या गोचिडांचं परमेथ्रिन मांजराला लावलं तर त्याला झटके येतात, कारण मांजराच्या यकृताला ते पचवता येत नाही. तिथे ॲट्रोपीन हा उतारा नव्हे.

आमच्या शेजारच्या वहिनींच्या शेळीने फवारलेला पाला खाल्ला होता. वहिनींनी डबाच डॉक्टरांपुढे ठेवला. नेमकी सुई वेळेत मिळाली, शेळी उठली.

डब्यावरचा तांबडा त्रिकोण म्हणजे अतिजहाल विष. असली औषधं सरबताच्या बाटलीत ओतून ठेवू नका. डायक्लोरव्हॉस आणि फोरेट यांच्यावर आपल्याकडे २०२० अखेरपासून बंदी आहे, तेव्हा माळ्यावरची जुनी बाटली वापरात आणू नका. विषबाधा झालेल्या गाईचं दूध डॉक्टर सांगेपर्यंत घरात घेऊ नका, वासरालाही पाजू नका. मेलेला उंदीर उकिरड्यावर न टाकता खोल पुरा. नाहीतर तेच विष मनीच्या पोटात जायचं!