ऐकणाऱ्याचा पत्ता

उरुसाच्या रात्री कव्वाली ऐकायला बसला असाल, तर तिथे पैसे कसे हात बदलतात हेही तुम्ही पाहिले असेल. एखादा मिसरा काळजाला भिडला की ऐकणारा उठतो, अदबीने पुढे जातो आणि नोट कव्वालासमोर ठेवतो. कव्वाल मान लववतो आणि तोच मिसरा पुन्हा घोळवतो. कोणी दिले, कशासाठी दिले, हे दोघांनाही ठाऊक असते. पुढच्या वर्षी तो माणूस दिसला नाही, तर कव्वाल चौकशीसुद्धा करतो.

आता गाणे मोबाइलवर आले आहे. घरातला एखादा मुलगा महिन्याच्या महिन्याला पैसे भरतो आणि सारे घर ऐकते. त्याची समजूत अशी, की आपण ज्याला ऐकतो त्यालाच आपले पैसे पोचतात. तसे होत नाही. स्पॉटिफायसारख्या सेवांमध्ये सगळ्यांचे पैसे एकाच डेगीत पडतात. कंपनीच्याच सांगण्यानुसार त्यातला साधारण दोन-तृतीयांश भाग गाण्यांच्या मालकांना वाटला जातो. मालक म्हणजे गायक असेलच असे नाही, बहुतेक वेळा ती ध्वनिमुद्रण कंपनी असते. वाटणी होते ती एकूण ऐकण्यात कोणाचा वाटा किती यावर. समजा, तुम्ही महिनाभर एकाच अनोळखी गायकाचे एकच गाणे तीस वेळा ऐकले, दुसरे काही ऐकलेच नाही. तरीही तुमच्या पैशांतला मोठा हिस्सा देशभर गाजत असलेल्या सिनेमाच्या गाण्यांकडे जाईल, कारण डेगीपुढे त्यांची रांग लांब आहे. शिवाय २०२४ पासून असा नियम आहे, की बारा महिन्यांत १,००० वेळा ऐकले न गेलेल्या गाण्याला स्पॉटिफायवर ध्वनिमुद्रणाचा मोबदलाच नाही.

हे अटळ नव्हते. साउंडक्लाउड या सेवेने २०२१ साली स्वतंत्र कलावंतांसाठी दुसरी पद्धत आणली. तिच्यात ज्या श्रोत्याने ज्याला ऐकले, त्या श्रोत्याचे पैसे त्यालाच. मोठ्या कंपन्यांनी मात्र डेग सोडलेली नाही.

हा हिशेब मांडण्याचे कारण एका भगिनीचे पत्र. त्यांचा मुलगा दिवसा एका दुकानात हिशेब लिहितो आणि रात्री स्वतःच्या चालीवर स्वतःची गाणी रेकॉर्ड करतो. त्याचे एक गाणे वर्षभरात नऊ हजार वेळा ऐकले गेले. हाती आले ते एका रिचार्जपुरते. अब्बांचे म्हणणे, हा नाद सोड. अम्मी विचारतात, इतक्या वेळा ऐकले म्हणजे गाणे अगदीच वाईट नसणार, मग त्याच्या पदरात काहीच कसे नाही? (संगीताविषयी आपल्या घराघरांत वेगवेगळी मते आहेत, त्यात मी शिरत नाही. येथे प्रश्न मेहनतीच्या मोबदल्याचा आहे.)

माझ्या मते पैशांपेक्षा मोठी वजाबाकी दुसरीच आहे. ते नऊ हजार वेळा ऐकणारे कोण, हे त्या मुलाला कळत नाही. त्याला आकडे दिसतात, शहरांची नावे दिसतात, माणसे दिसत नाहीत. एखादी नर्स रात्रपाळी संपवून घरी जाताना रोज तेच गाणे लावत असेल. तिने ते किती वेळा लावले हे कंपनीला ठाऊक असते, गाणाऱ्याला मात्र तिचे नावही ठाऊक नसते. उद्या नवे गाणे झाले, तर तिला कळवणार कसे?

पत्ता दुसऱ्याच्या हाती असला की काय होते, ते आपल्याकडे २९ जून २०२० रोजी दिसले. सरकारने त्या दिवशी ५९ ॲपवर बंदी घातली, त्यांत टिकटॉक होते. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतल्या कितीतरी मुलामुलींनी तिथे हजारोंनी, काहींनी लाखोंनी चाहते जमवले होते. बंदीची कारणे काहीही असोत, त्या मुलांचे चाहते दोन-चार दिवसांत नाहीसे झाले. ज्यांनी आधीच लोकांना दुसरीकडे बोलावून ठेवले होते, तेवढे वाचले. पुढे २०२४ साली विंक म्युझिक बंद झाले, तेव्हा कोणी फारसे रडलेही नाही.

मधल्या दलालाला बाजूला सारण्याची धडपड आपल्याकडे जुनी आहे, आणि तिचे श्रेय कमी लोकांनी दिले आहे. गायिका शुभा मुद्गल आणि तबलावादक अनीश प्रधान यांनी २००३ साली ‘अंडरस्कोर रेकॉर्ड्स’ सुरू केली. कलावंतांनी स्वतः काढलेले संगीत इंटरनेटवरून श्रोत्यांपर्यंत पोचवणे हे तिचे काम. तेव्हा यूट्यूब जन्मालाही आले नव्हते.

जगात सर्वांत जास्त नाव झाले ते अमेरिकेतल्या ‘बँडकॅम्प’चे. २००८ साली सुरू झालेली ही सेवा म्हणजे साधे दुकान आहे. कलावंत आपले गाणे मांडतो, किंमत स्वतः ठरवतो. घेणारा गाणे विकत घेतो आणि उतरवून ठेवतो. मनाला आले तर मागितल्यापेक्षा जास्तही देतो, आणि पुष्कळ लोक देतात. शंभरातले पंधरा दुकानाचे, पैसे पोचवण्याचा थोडा खर्च वेगळा, बाकी कलावंताचे. घेणाऱ्याने होकार दिला तर त्याचा ईमेल पत्ताही कलावंताला मिळतो, आणि मला तर ही या दुकानातली सर्वांत मोलाची वस्तू वाटते. कोरोनाने जलसे बंद पडले तेव्हा २० मार्च २०२०, शुक्रवारी बँडकॅम्पने आपला हिस्सा सोडला. त्या एका दिवसात श्रोत्यांनी ४३ लाख डॉलरची खरेदी केली. माणसाला माणसाची गरज समोर दिसली, की तो खिशात हात घालतो.

पण बँडकॅम्पही कोणाचे तरी दुकानच. २०२२ मध्ये ते ‘एपिक गेम्स’ने घेतले, २०२३ मध्ये पुन्हा विकले गेले आणि जवळजवळ निम्म्या कर्मचाऱ्यांना घरी जावे लागले. आपल्यापुरती आणखी एक अडचण आहे. तिथले व्यवहार मुख्यतः पेपालच्या आधाराने चालतात, आणि पेपालने १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात होणारे व्यवहार बंद केले. म्हणून परभणीच्या गायकाला लंडनचा श्रोता सोपा आणि नांदेडचा अवघड, अशी गंमत झाली.

नांदेडसाठी यूपीआय आहे, ते पुरेसे आहे. त्या मुलाने ऑनलाइन सेवांवरचे गाणे काढू नये. ती दुकानाची काच आहे, लोकांना माल तिथेच दिसतो. पण प्रत्येक गाण्याखाली आपला नंबर द्यावा. त्यासाठी वेगळे सिम घ्यावे, घरचा नंबर देऊ नये. जो कोणी दोन शब्द लिहील त्याचे नाव, गाव आणि कोणते गाणे आवडले ते वहीत टिपावे, आणि विचारून मगच यादीत घ्यावे. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ माणसे मावतात, आणि ज्यांनी आपला नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच निरोप पोचतो. ही अट मला चांगली वाटते, कारण यादीत उगाच भरती होत नाही. नवे गाणे आधी या लोकांना पाठवावे आणि पन्नास रुपये मोकळेपणाने मागावेत. शंभर माणसांनी वर्षातली चार गाणी घेतली तर २०,००० रुपये होतात. दुकानातली नोकरी सुटण्याएवढे ते नाहीत, पण स्वतःचा माइक घेण्याएवढे नक्की आहेत. अब्बांना हा आकडा दाखवावा.

यात कष्ट आहेत. उत्तरे लिहावी लागतात, लोक रात्री अकरालाही फोन करतात, आणि मागायची लाज वाटणारा मुलगा याला कंटाळून जाईल. त्या वेळी वहीचे काम घरातल्या बहिणीने किंवा मित्राने घ्यावे.

एक काम मात्र आधी करावे. गाणी त्याचीच असल्याने ‘इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी’मध्ये गीतकार आणि संगीतकार म्हणून सभासद होता येते का ते पाहावे. २०१२ च्या दुरुस्तीने कायद्यात या दोघांचा रॉयल्टीचा हक्क पक्का झाला आहे. एखादी कंपनी पाच हजार रुपये पुढे करून ‘सर्व हक्क कायमचे’ असा कागद आणील, तर तो घरी आणून अम्मीसमोर मोठ्याने वाचावा. सही दुसऱ्या दिवशीही करता येते.