ठरलेली वाट आणि परतीची पोच

खामगाव लोहमार्गाला जोडले गेले ते १८७० साली, कापसासाठी आणि जलंबमार्गे. फाटा एक, जंक्शनही एकच. त्यामुळे कोणत्या वाटेने जावे हा प्रश्न गाडीपुढे कधी उभा राहिला नाही. संगणकांच्या जाळ्यात अशी एकच वाट असते, तेथे ती हाताने लिहून ठेवतात. तिला स्टॅटिक रूट, म्हणजेच स्थिर मार्ग म्हणतात.

समजा, पेढी बाजारपेठेत आहे आणि जिनिंग गावाबाहेर. दोन्हीकडे स्वतंत्र जाळे आहे. पेढीवरील युनिक्स यंत्राला वेगळे काही सांगितले नसेल, तर अनोळखी पत्त्याचे सारे टपाल ते इंटरनेटच्या रूटरकडे सोपवते. जिनिंगचा खासगी पत्ता त्या रूटरला ठाऊक नसतो, आणि टपाल तेथेच हरवते. म्हणून ‘रूट ॲड’ ही आज्ञा देऊन सांगावे लागते की, १९२.१६८.२.० या जाळ्याचे टपाल १९२.१६८.१.२ या दाराकडे द्यावे. हे दार मात्र पेढीच्याच जाळ्यात असले पाहिजे. सर्वसाधारण वाट आणि नेमकी वाट या दोन्ही लिहिलेल्या असतील, तर यंत्र नेमकीच निवडते. ही आज्ञा १९८३ च्या बर्कली युनिक्सपासून चालत आली आहे.

एवढे करूनही पुष्कळदा उत्तर येत नाही. दोष पेढीवर शोधला जातो. तो असतो जिनिंगमध्ये. तेथील यंत्राला पेढीकडे परतण्याची वाट कोणी सांगितलेलीच नसते. माल पोचतो, पोच येत नाही. व्यापाऱ्याला हे अधिक समजावून सांगण्याची गरज नसावी.

दुसरी चूक अधिक महागात पडते. तोंडी दिलेली ही आज्ञा यंत्राच्या स्मृतीत राहते, फाइलमध्ये नाही. वहीपूजनाच्या आदल्या संध्याकाळी वीज जाते, यंत्र पुन्हा सुरू होते आणि गाठींचा साठा पडद्यावरून नाहीसा होतो. आकडे जिनिंगमध्ये सुखरूप असतात, पण मुनीमजींना तेथवर जाता येत नाही, जुळवणी अडते. फ्रीबीएसडीमध्ये हा मार्ग ‘आरसी.कॉन्फ’ या फाइलमध्ये लिहितात. सोलारिसच्या अलीकडच्या आवृत्त्यांत त्याच आज्ञेला ‘-पी’ जोडले की मार्ग कायम राहतो. नोंद केल्यावर यंत्र मुद्दाम एकदा बंद करून सुरू करावे आणि ‘नेटस्टॅट -आरएन’ ने मार्गांची यादी पाहावी. ही परीक्षा दिवाळीच्या गर्दीत नव्हे, पेढीवर वर्दळ नसलेल्या एखाद्या दुपारी उरकावी.