भुसा पात्यापाशीच पकडा

नागपूरकरांना सागवानाचे वेड जुनेच आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातले लाकूड लकडगंजातल्या आरा मशीनवर चिरले जाते आणि त्याचे दरवाजे, पलंग, देव्हारे होऊन घराघरांत जातात. अलीकडे सुतारकामाची यंत्रे आवाक्यात आली, तसा गोल पात्याचा टेबल सॉ घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्येही दिसू लागला आहे. कोणी पोटासाठी घेतो, कोणी निवृत्तीनंतरचा छंद म्हणून. दोन्ही गोष्टी चांगल्याच. मात्र यंत्रासोबत घरात येणाऱ्या धुळीचा विचार कोणी करत नाही.

भुसा म्हटले की यंत्राखालचा ढीग डोळ्यांपुढे येतो. त्या ढिगाची फारशी भीती नाही. भीती आहे ती न दिसणाऱ्या भुकटीची. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. १० मायक्रॉनहून बारीक कण नाकातल्या केसांना चुकवून श्वासनलिकेत उतरतात आणि यंत्र बंद झाल्यावरही बराच वेळ हवेत तरंगत राहतात. म्हणजे काम संपले म्हणून मास्क काढून आपण चहा प्यायला बसतो, तेव्हाही ती धूळ पोटात नव्हे, छातीत जातच असते. घरातल्या वर्कशॉपमध्ये ती लेकराबाळांच्याही वाट्याला येते.

या धुळीने शिंका, नाक चोंदणे, डोळे चुरचुरणे, खोकला आणि दमा हे विकार होतात. सागवान, शिसम अशा लाकडांमुळे काहींच्या अंगाला खाज सुटते. इंग्लंडमधल्या हाय विकम या खुर्च्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावात, १९६० च्या दशकात, डॉ. एस्मे हॅडफील्ड यांना फर्निचर कारागिरांमध्ये नाकाचा एक विरळा कर्करोग वारंवार आढळला. पुढे १९९५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या यादीत घातली. प्लायवूड आणि एमडीएफच्या डिंकात सहसा असणारे फॉर्माल्डिहाइड २००४ साली त्याच यादीत गेले. घाबरून जाण्याचे कारण नाही. हा कर्करोग क्वचितच आणि वर्षानुवर्षे धूळ खाल्ल्यावर होतो. दमा मात्र क्वचित होणारा नाही.

इटलीचे डॉ. रामाझिनी यांनी १७०० साली डॉक्टरांना सांगून ठेवले, की रोग्याला त्याचा धंदा विचारा. रोग्यानेही तो आपणहून सांगावा. सुटीच्या दिवशी बरे वाटते आणि कामाला लागले की खोकला सुरू होतो, असे असेल तर तीच मोठी खूण. एकाच नाकपुडीतून वारंवार रक्त येत असेल किंवा ती सतत चोंदत असेल, तर घरगुती उपाय न करता कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.

आपल्याकडचे बंदोबस्त मात्र गमतीचे असतात. तोंडाला दुपट्टा बांधला की झाले, असे वाटते. दुपट्टा उन्हाच्या झळांपासून वाचवतो, पण ही भुकटी त्यातून आरपार जाते. उन्हाळ्यात शेडमध्ये कूलर लावतात, तो खाली बसू पाहणारी धूळ पुन्हा घोळवतो. संध्याकाळी कोरड्या झाडूने लोटतात किंवा ब्लोअरने कपडे झटकतात आणि दिवसभराची धूळ एकदम नाकात घेतात.

खरा उपाय म्हणजे धूळ हवेत पसरण्याआधी पात्यापाशीच ओढून घेणे. टेबल सॉचा बहुतेक भुसा पात्याखाली पडतो. म्हणून टेबलाखाली खोके करून ते बंदिस्त करावे, हवा आत यायला थोडी फट ठेवावी आणि तळाशी ओढणीचा पाइप जोडावा. उरलेली धूळ पात्याचे दात वर, थेट कारागिराच्या तोंडाकडे फेकतात. त्यासाठी पात्यावरच्या गार्डलाही दुसरा पाइप हवा. ही कामे यंत्राचा प्लग काढूनच करावीत.

घरच्या व्हॅक्यूम क्लीनरला जोर असतो, पण तो हवा थोडीच ओढतो. छोट्या कटरला तो चालेल. मोठ्या सॉला चार इंची पाइपचा डस्ट कलेक्टर लागतो. पाइप आखूड असावा, वळणे कमी असावीत. मध्ये भुसा गोळा होणारी झाकणाची बादली बसवली तर फिल्टर लवकर तुंबत नाही. यंत्राची साधी कापडी पिशवी मात्र फसवी. ती जाड भुसा धरते आणि बारीक धूळ खोलीत परत सोडते. त्यामुळे चांगला फिल्टर लावावा, नाहीतर बाहेर फेकण्याची सोय करावी. आपल्याकडे थंडीसाठी खोली बंद ठेवावी लागत नाही, तेव्हा हे सहज जमते. फक्त तोंड शेजाऱ्याच्या खिडकीकडे नको. साठलेला भुसा रोज काढावा, त्याच्याजवळ बिडी-सिगारेट नको. जमीन ओल्या फडक्याने पुसावी. एवढे केल्यावरही चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मास्क वापरावा. दाढीवर तो नीट बसत नाही.

१९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम १४ मध्ये हेच सांगितले होते, की धूळ ओढणारे साधन ती निर्माण होते त्या जागेच्या शक्य तितके जवळ असावे आणि ती जागा शक्य तितकी बंदिस्त करावी. पण तो कायदा ठरावीक संख्येने कामगार असलेल्या कारखान्यांसाठी होता. घरच्या शेडमध्ये राबणाऱ्या बाप-लेकांना विचारायला कोणी निरीक्षक येत नाही. म्हणून माझे स्पष्ट मत आहे, की डस्ट कलेक्टरचा खर्च वरचा समजू नये, तो टेबल सॉच्या किमतीतच धरावा. तेवढे पैसे नसतील तर यंत्र लहान घ्यावे किंवा दोन महिने थांबून घ्यावे. आणि ज्यांच्या घरी सुतार येऊन काम करतो, त्यांनीही मजुरी ठरवतानाच धूळ ओढण्याची सोय विचारावी व तिचे पैसे कापू नयेत.