सब्र आमचं, कर्ज त्यांचं!

मोहल्ल्यात मयत झाली की जनाज्याच्या नमाजाआधी घरचा कुणी पुढे येतो आणि सर्वांसमोर सांगतो, "मरहूमकडे कुणाचं देणं असेल तर आम्हाला भेटा." चांगली रीत आहे. माणसाला कर्जाच्या ओझ्यासह कबरीत उतरवू नये, ही आपली शिकवण. पण आम्ही विचारतो, तलाक देऊन जिवंत फिरणाऱ्याच्या कर्जाची चौकशी कोण करणार?

आम्ही म्हणजे तलाकशुदा बायका. आमच्यातली कुणी विड्या वळते, कुणी फॉल-पिको करते, कुणी बालवाडीत शिकवते. आमच्या नवऱ्यांनी रिक्षासाठी, दुकानासाठी, कधी बहिणीच्या शादीतल्या बडेजावासाठी पतसंस्थेतून कर्ज काढलं. जामीनदार म्हणून सही आमची. "इधर दस्तखत कर" एवढंच सांगितलं गेलं. कागदावर काय लिहिलंय हे आम्ही विचारलं नाही. ही आमची चूक, ती आम्ही कबूल करतो. पुढे तलाक झाला. तो गाव सोडून गेला आणि वसुलीची नोटीस आमच्या माहेरच्या दाराशी आली.

केवळ बायको आहे म्हणून नवऱ्याचं कर्ज बाईच्या अंगावर येत नाही. पण जामीनदार म्हणून सही केली, की १८७२ च्या करार कायद्यानं तिची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच धरली जाते. तलाकनं निकाह सुटतो, जामीन सुटत नाही! तेव्हा आम्ही फेडलं. कानातले मोडले, बचत गटातून उचल घेतली, पोरांच्या दोन ईदा जुन्या कपड्यांवर काढल्या. आमच्यातल्या एकीनं रिक्षाचे एकतीस हप्ते भरले. रिक्षा आजही तोच चालवतो.

कर्ज फिटलं, तेव्हा जमातीतले बुजुर्ग म्हणाले, "बेटी, तूने सबर किया, अल्लाह अजर देगा." आणि लगेच पुढचं वाक्य, "जो हुआ सो हुआ. अब माफ कर दे, आगे देख." आमचा वाद या दुसऱ्या वाक्याशी आहे. अजर अल्लाह देईल, त्याबद्दल आम्हाला शंका नाही. पण माणसानं माणसाचं देणं बुडवलं असेल तर ते अल्लाहच्या नावावर टाकून मोकळं होण्याचा अधिकार जमातीला कुणी दिला? माफ करायचं की नाही, हे ज्याचं घेणं आहे त्यानं ठरवायचं. पंचांनी नव्हे.

कुराणातली सर्वांत लांब आयत नमाजाविषयी नाही, पडद्याविषयी नाही. ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे, साक्षीदारांसह. त्या आयतीतला साक्षीचा भाग आम्हाला वारंवार ऐकवला जातो, दोन बायकांची साक्ष एका पुरुषाबरोबर म्हणून. व्यवहार लिहा, हा हुकूम मात्र आमच्या तलाकनाम्यापर्यंत कधी पोहोचत नाही! तिथं तारीख असते, साक्षीदार असतात, कर्जाचा शब्द नसतो. खुला मागणाऱ्या बहिणीला तर मेहर सोडायला लावतात आणि कर्ज तिच्याच पदरात ठेवतात.

सरकारनंही आमच्या नावानं पुष्कळ केलं. २०१९ मध्ये एका दमात दिलेला तिहेरी तलाक गुन्हा ठरला, तीन वर्षांपर्यंत कैद आली. पण तुरुंगात बसलेला माणूस हप्ता भरत नाही. ज्याचा उपयोग व्हावा तो कायदा जुना आहे. १९८६ च्या कायद्यानं मेहर आणि निकाहाच्या आधी, वेळी व नंतर बाईला मिळालेल्या वस्तू परत मागता येतात. २००१ मध्ये दानियल लतिफी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की नवऱ्याची जबाबदारी इद्दतीच्या खर्चावर संपत नाही. पुढच्या आयुष्याची वाजवी तरतूद त्यानं इद्दतीच्या आतच करायची आहे. आणि करार कायदा तर म्हणतो, की जामीनदारानं फेडलेली रक्कम तो मूळ कर्जदाराकडून वसूल करू शकतो. म्हणजे कर्ज संपलेलं नाही. धनको बदलला. आता धनको आम्ही!

हे आम्हाला कुणी सांगितलं? ना जमातीनं, ना पतसंस्थेनं. दाव्याची मुदत पैसे भरल्यापासून तीन वर्षांची. ती आमच्यातल्या कित्येकींची सब्र करण्यात निघून गेली.

म्हणून जमातीकडे आमचं मागणं साधं आहे. तलाकनाम्यात आणि खुलानाम्यात एक रकाना वाढवा. कर्ज कोणतं, सही कुणाची, फेडणार कोण. तो भरल्याशिवाय मोहर उमटवू नका. आणि बहिणींनो, प्रत्येक हप्त्याची पावती आपल्या नावानं घ्या. शेवटचा हप्ता भरला की बेबाकी दाखला हातात आल्याशिवाय पतसंस्थेची पायरी उतरू नका. मग वकिलाकडे जा.

आम्हाला सूड नको. आमच्यातल्या काहींनी नवा संसार मांडला, काहींना मांडायचा नाही. दोन्ही ठीक आहे. पण "आगे देख" म्हणणाऱ्यांना आम्ही सांगतो, पुढं चालायला आम्ही तयारच आहोत. पावत्यांची पिशवी मात्र घरी ठेवून निघणार नाही.