कोकणात जायचं, पण माघात



आषाढ लागला की फोनवर दोन प्रकारचे निरोप येऊ लागतात. कुठल्या गावी कोणत्या संघाचा वर्षायोग ठरला, हा एक. दुसरा सहलवाल्यांचा: गोवा-कोकण, पाच दिवस, निम्म्या दरात, हिरवागार निसर्ग. अलीकडे आपल्या महिला मंडळांच्या ग्रुपवर दुसरा निरोपच जास्त हौसेने पुढे पाठवला जातो, म्हणून आज त्यावर स्पष्ट लिहिते.

माझं मत आधीच सांगून टाकते. समुद्र पाहायला आपण बायकांनी जरूर जावं. पावसाळ्यात मात्र जाऊ नये, आणि मे महिन्यातही नाही. माघाचा वद्य पक्ष गाठावा.

पावसाळ्यात आपले मुनी आणि आर्यिका माताजी विहार थांबवतात, कारण पावलोपावली जीव असतात. आपल्या वर्ध्याकडे मृगाच्या पहिल्या सरीनंतर लाल मखमली किडे वर येतात, ते पाहूनच आपण लहानपणी पाय जपून टाकायला शिकलो. वर्ध्यात वर्षभरात साधारण १००० मिलिमीटर पाऊस पडतो. रत्नागिरीत तो ३००० च्या वर जातो आणि आंबोलीला त्याच्याही दुप्पट. एवढ्या ओल्या जमिनीवर किती बेडूक, खेकडे, गोगलगायी आणि डोळ्यांना न दिसणारे जीव असतील, याचा विचार करा.

आणि थांबणारे फक्त मुनी नाहीत. यांत्रिक बोटींच्या मासेमारीला १ जूनपासून दोन महिने सरकारी बंदी असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ. कोळी बांधव नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहतात आणि मग होड्या पाण्यात लोटतात. सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या प्रवासी होड्या मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद असतात. आपल्या जिल्ह्यातल्या बोर व्याघ्र प्रकल्पाचा गाभ्याचा भागही जुलै ते सप्टेंबर पर्यटकांना बंद असतो. साधू, कोळी आणि वाघ, तिघांच्या दाराला कडी लागलेली असते. उघडी असतात ती फक्त हॉटेलं.

"पण गृहस्थाला चातुर्मासात प्रवासबंदी कुठे आहे?" असं कोणी विचारेल. खरं आहे, मुनींसारखी नाही. दवाखाना, लग्न, मयत यासाठी आपण जातोच आणि जायलाच हवं. पण श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंडव्रत आहे. गरज नसताना होणारी हिंसा टाळा, एवढाच त्याचा अर्थ. विनाकारण जमीन खणणं, पाणी उडवणं, झाडपाला तोडणं याला तिथे प्रमादचर्या म्हटलं आहे. भर पावसात धबधब्याखाली नाचणं याहून वेगळं काय आहे? मौज चार महिने पुढे ढकलता येते, म्हणून ती ढकलावी.

आता पैशांचं बघू. माझं शिक्षण वाणिज्य शाखेचं, त्यामुळे 'निम्मा दर' हा शब्द ऐकला की मी आधी भागाकार करते. समजा, माघात पाच दिवसांचे २०,००० रुपये लागतात आणि पाचही दिवस किनाऱ्यावर फिरता येतं, तर एक दिवस पडला ४,००० ला. पावसाळ्यात तीच सहल १२,००० ला मिळाली, पण तीन दिवस खिडकीतून पाऊस बघण्यात गेले, तर हाती लागलेला प्रत्येक दिवस ६,००० ला पडला. शिवाय समुद्रात उतरायचं नाही म्हणून लाल बावटे, होड्या बंद, आणि कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागलेलं, म्हणजे गाड्या सावकाश. दर निम्मा असतो, कारण माल निम्माच असतो.

मे महिन्याचा मोह आपल्या विदर्भाला फार. इथे पारा ४५ च्या पुढे गेला की वाटतं, चला समुद्रावर, गार वारा खाऊ. तिथे पारा ३३-३४ च असतो हे खरं, पण हवा एवढी दमट की घाम वाळत नाही आणि आपला कूलर तिथे काही कामाचा नाही. सगळ्या शाळांना तेव्हाच सुट्टी असल्यामुळे गर्दी आणि दर दोन्ही चढलेले. वादळांचाही भरवसा नाही. १६-१७ मे २०२१ ला तौक्ते कोकण किनाऱ्याला झोडपत गेलं. त्याआधी ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या.

दिवाळीची सुट्टी? निर्वाण लाडू घरच्या मंदिरात चढवायचा सोडून त्या पहाटे हॉटेलात जागं होणं मला पटत नाही. पुढे कार्तिक अष्टान्हिका येते, ती पौर्णिमेपर्यंत. श्वेतांबर बहिणींचा चातुर्मासही कार्तिक पौर्णिमेलाच संपतो. नाताळ ते १ जानेवारी किनाऱ्यावर जो गोंगाट असतो, तिथे आपल्याला काही काम नाही.

उरले पौष आणि माघ. माघात शुद्ध पंचमीपासून दशलक्षण येतं. ते वर्षातून तीनदा येतं, पण भाद्रपदातलंच मोठं मानतात म्हणून बऱ्याच जणी हे विसरतात. ज्या पाळतात त्यांचं ते चतुर्दशीला होऊन जातं. नंतरचा वद्य पक्ष मोकळा, आणि फाल्गुनी अष्टान्हिकेला अजून अवकाश. इंग्रजी तारखांनी हा काळ बहुधा फेब्रुवारीत पडतो, अधिक महिना होऊन गेला असेल तर मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जातो. आकाश स्वच्छ, दुपारी ऊन लागतं पण रात्री पातळ पांघरूण घ्यावं लागतं. पौर्णिमा-अमावास्येला समुद्राला उधाण असतं, तर अष्टमी-नवमीच्या आसपास भरती-ओहोटी बेताची असते. म्हणून वद्य पंचमीला निघून द्वादशीपर्यंत घरी यावं. महाशिवरात्र वद्य चतुर्दशीला असते. तेव्हा देवगडजवळ कुणकेश्वरला मोठी यात्रा भरते, ती गर्दीही टळते.

चौक्याचाही प्रश्न याच काळात सर्वांत सोपा. पिठाची मर्यादा आपल्याला पाठ आहे: पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५, हिवाळ्यात ७. या ऋतूंच्या सीमा कार्तिक, फाल्गुन आणि आषाढ या तीन अष्टान्हिकांच्या पौर्णिमांना बदलतात. म्हणजे माघात घरचं दळलेलं पीठ सगळ्या सहलीला पुरतं, श्रावणात ते तिथे पोहोचून एका दिवसात संपतं. डबा सोबत नसला तरी कोकणातल्या घरगुती निवासात तांदळाची भाकरी, घावन, नारळाची चटणी, उकडीचे मोदक मिळतात. सोलकढीत आणि कुळथाच्या पिठल्यात लसूण असतो, तेव्हा आदल्या दिवशीच सांगून ठेवायचं.

सूर्यास्ताचं म्हणाल, तर हिवाळ्यात तो तिकडे आपल्यापेक्षा वीस-पंचवीस मिनिटं उशिरा होतो, फेब्रुवारीत साडेसहानंतर. सहाच्या आत अंथऊ आटोपून किनाऱ्यावर जाऊन बसा. बाकीचे लोक भजी-चहाच्या टपरीकडे वळतात तेव्हा आपलं पोट भरलेलं असतं आणि डोळे मोकळे असतात.

माघ निवडण्याचं आणखी एक कारण कासवं आहेत. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या नोव्हेंबर ते मार्च या काळात कोकणच्या किनाऱ्यावर रात्री येऊन वाळूत अंडी घालतात. साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं बाहेर पडतात, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये. पूर्वी कुत्रे-कोल्हे अंडी खात, माणसंही नेत. मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावी, नाना फडणविसांच्या मूळ गावी, चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ च्या सुमारास काम सुरू केलं. ग्रामस्थ घरटी शोधतात, अंडी कुंपणात सुरक्षित ठेवतात आणि पिल्लं निघाली की समुद्राकडे सोडतात. पाहुण्यांना घरात उतरवून गावाला उत्पन्नही मिळतं. अंजर्ल्यालाही असं काम चालतं. ही जीवदया आपण जाऊन पाहावी आणि आपला पैसा अशा गावात खर्च करावा. पिल्लांना हात लावू नये, मोबाइलचा उजेड पाडू नये, आणि शिंपले गोळा करू नयेत, कारण रिकाम्या वाटणाऱ्या शंखात खेकडा राहत असतो. पाण्यात पाय बुडवून उभं राहिलं तरी समुद्र पुरेसा भेटतो.

काही बहिणी म्हणतील, नातवंडांच्या परीक्षा जवळ आल्यात. मग मुलं-सुना त्यांच्या सुट्टीत जातील, आपण आपल्या वयाच्या चौघी-सहाजणी जाऊ. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणींनी सम्मेदशिखरजीची २७ किलोमीटरची वंदना केली, २०१८ मध्ये श्रवणबेळगोळला महामस्तकाभिषेक पाहिला. तिथून समुद्र अर्ध्या दिवसावर होता, पण बस सरळ घराकडे फिरली. 'तीर्थयात्रा' म्हटलं की घरचे हो म्हणतात. 'मला समुद्र पाहायचाय' हे वाक्य मात्र साठी उलटली तरी तोंडातून निघत नाही. म्हणून काही जणी यात्रेच्या नावाखाली सहल जोडतात, आणि मग दर्शनही घाईत, समुद्रही घाईत. असं नको. यात्रेला यात्रा म्हणा, सहलीला सहल म्हणा, आणि घरात तसं मोकळेपणाने सांगा. पाण्यातले जीव जपायचे तसं स्वतःचं मनही जपावं, यात धर्माला बाध येत नाही. गुडघे मात्र दरवर्षी थोडे थोडे कुरकुरतात, ते पुढच्या वर्षाची वाट पाहत नाहीत.

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे माघ वद्यासाठी मार्गशीर्ष संपता संपता जागं राहायचं. नागपूर-मडगाव विशेष गाडी वर्ध्यावरूनच जाते. तिच्या तारखा अधूनमधून बदलतात, त्या आधी बघून घ्या. आणि या आषाढात निम्म्या दराचा निरोप आला, तर तो पुढे न पाठवता मंडळाच्या पंचांगात माघ वद्य पंचमीवर खूण करा.