नौकेसाठी प्लायवूड किती जाड घ्यावे?

रेडिओच्या साहाय्याने दूरून चालविता येणारी छोटी नौका बांधण्याचा छंद आमच्या शाळेत चांगलाच रुजू लागला आहे. परंतु लाकूडकामाच्या वर्गात एक समजूत ठाण मांडून बसली आहे : नौकेला काठाचे दणके बसावयाचे, तेव्हा प्लायवूड जितके जाड तितके बरे. कपाटांच्या कामातून उरलेले ६ मिलिमीटरचे तुकडे फुकट मिळतात, हेही त्या समजुतीच्या पथ्यावर पडते. आम्हांस हे मत मान्य नाही.

जरा हिशेब करून पाहावा. ६० सेंटिमीटर लांब, १८ सेंटिमीटर रुंद आणि ४ सेंटिमीटर पाण्यात बुडणारी नौका घेऊ. दोन्ही टोकांकडे ती निमुळती असल्यामुळे त्या मापाच्या चौकोनी पेटीच्या निम्मेच पाणी ती बाजूस सारील. म्हणजे सुमारे २१६० ग्रॅम. आर्किमिडीजच्या नियमाप्रमाणे मोटर, बॅटरी, सुकाणूचे यंत्र धरून तिचे सारे वजन एवढ्यातच बसले पाहिजे. तळ, बाजू व वरचे छत मिळून अंदाजे २७०० चौरस सेंटिमीटर प्लायवूड लागते. प्लायवूडची घनता पाण्याच्या दोन-तृतीयांश धरली, तर जाडीच्या प्रत्येक मिलिमीटरमागे १८० ग्रॅम होतात. दीड मिलिमीटरचे कवच २७० ग्रॅमचे. ६ मिलिमीटरचे १०८० ग्रॅमचे! अर्धी वजनमर्यादा नुसत्या लाकडाने गिळली. अशी नौका पाण्यात खोल बसते, लहानशी लाटही तिच्यावर चढते, आणि मोटरला अधिक जोर लावावा लागून बॅटरी लवकर संपते. विद्यार्थ्याच्या कित्येक महिन्यांच्या श्रमांचे असे व्हावे, याचे आम्हांस वाईट वाटते.

पातळ फळी लवचीक असते, हा आक्षेप खरा आहे. जाडी निम्मी केली की सपाट फळीचा ताठपणा आठव्या हिश्शावर येतो. परंतु नौकेचे अंग सपाट कोठे असते? साधे पोस्टकार्ड किंचित वाकवून धरावे. ते लगेच ताठ उभे राहते. नौकेच्या बाजूस वळण दिले आणि आतून दर ८-१० सेंटिमीटरवर ३ मिलिमीटरची बरगडी बसविली, म्हणजे दीड मिलिमीटर पुरेसे होते. उलट ६ मिलिमीटरचा तक्ता पुढच्या टोकाशी वळतच नाही. बळेच वळविला तर खिळे उपटतो.

इंग्लंडात १९६२ साली जॅक होल्ट व बॅरी बकनेल यांनी आखलेली ‘मिरर’ ही प्लायवूडची शिडाची होडी सुमारे ३.३ मीटर लांब असून तिच्या नुसत्या अंगाचे वजन ४५.५ किलोग्रॅम आहे. सर्व मापे त्याच प्रमाणात घटवून तिची ६० सेंटिमीटरची प्रतिकृती कल्पिली, तर वजन २७५ ग्रॅमच्या आत येते. आमच्या हिशेबाशी ते इतके जुळावे हा थोडा योगायोगच. पण खऱ्या होडीचे बांधणारेही वजनाला किती जपतात, हे त्यावरून दिसते.

मोटरच्या बैठकीस व सुकाणू अडकविण्याच्या मागील फळीस मात्र ४ मिलिमीटर घ्यावे. तेथे काटकसर नको. पाण्यापासून रक्षण जाडीने होत नाही, ते जलरोधक सरसाने व कडांना दिलेल्या वॉर्निशाने होते. कड उघडी राहिली तर जाड प्लायवूडचेही पदर सुटतात.

पातळ प्लायवूड विकत आणावे लागेल, हे आम्ही जाणतो. एक तक्ता चार-पाच जणांनी मिळून घ्यावा. ६ मिलिमीटरचे तुकडेही वाया जावयाचे नाहीत. काठावर नौका ठेवावयास त्यांची उत्तम घोडी होते.